चार कन्या, विवाहित

"निर्वंश म्हणजे काय हो?"

दारातल्या बाईंनी चपला काढायच्या आधीच हा प्रश्न टाकला. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. वय चाळीसच्या आसपास, खांद्याला कापडी पिशवी, केस एसटीच्या वाऱ्यानं विस्कटलेले आणि हातात एक झेरॉक्स. ती झेरॉक्स मी लांबूनच ओळखली. आमच्या गोमुखे कुलवृत्तांताच्या पहिल्या आवृत्तीतलं पान होतं ते, शाखा तिसरी.

"ज्याचा वंश पुढे चालला नाही, तो निर्वंश," मी म्हणालो. "आपण कोण?"

"मी तो पुढे न चाललेला वंश. साताऱ्याहून आलेय. आत येऊ का?"

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. मी भूमी अभिलेख खात्यातून नुकताच निवृत्त झालो होतो आणि रत्नागिरीतल्या घराच्या पुढच्या खोलीत कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीचं दुकान मांडून बसलो होतो. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका मूळपुरुषापासून निघालेल्या सगळ्या माणसांची पिढीवार यादी म्हणजे कुलवृत्तांत. आमच्या लोकांना याचं फार वेड. मुलगा असेल तर त्याला चार ओळी मिळतात, अमेरिकेत असेल तर दहा. मुलगी असेल तर एक ओळ, कुणाकडे दिली एवढीच. मुलीच्या मुलांना जागा नाही; ती दुसऱ्यांच्या पुस्तकात जातात. मी जन्मभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखल्या होत्या, त्यामुळे मला हा नियम अगदी रास्त वाटायचा.

बाई खुर्चीत बसल्या. नाव सांगितलं, वैजयंती कुंटे. मग झेरॉक्स माझ्यासमोर ठेवून शाळेत धडा वाचतात तशी वाचली. "विश्वनाथ नारायण. जन्म अठराशे शहाऐंशी, मृत्यू एकोणीसशे अडतीस. पायांनी अधू. चार कन्या, विवाहित. निर्वंश. हे माझे पणजोबा. यातल्या थोरल्या कन्येची मी नात."

"ती काही चूक नाही," मी म्हणालो. "तशी पद्धत आहे."

"पद्धतीशी भांडायला मी सहा तास एसटीत बसून आले नाही. मला बाकीच्या तीन बहिणींची माणसं हवीत. लेकी, नाती, पणत्या, जे कुणी असतील ते."

आतून माझी बायको कुमुद पाणी घेऊन आली आणि ते देऊन दाराशीच थांबली. बाईंनी एका घोटात भांडं रिकामं केलं.

"पायांनी अधू म्हणजे त्यांना नेमकं काय होतं?" त्यांनी विचारलं.

"वात. माझ्या आजोबांचे ते धाकटे भाऊ. विसूनाना म्हणायचे. पस्तिशीत काठी आली, चाळिशीत दोन काठ्या, असं ऐकलंय."

"वात नव्हता तो. माझ्या मुलाला आहे तेच त्यांना होतं. त्यांना मोठेपणी झालं, हळूहळू आणि पायांपुरतं. तन्मयला लहानपणी झालं आणि सगळंच गेलं."

मी काहीतरी सहानुभूतीचं बोलायला तोंड उघडलं, पण बाईंना त्याची गरज नव्हती.

"आठ वर्षांचा आहे. मागच्या वर्षी वर्गात पहिला आला होता. मग अक्षर बिघडलं. मी त्याला पट्टीनं मारलं, घाण अक्षर काढतोस म्हणून. खरं तेच सांगते. मग हाक मारली की भलत्याच दिशेला बघायला लागला. मग दाराच्या चौकटीला धडकायला लागला. आता डोळे उघडे असतात, पण दिसत नाही. नळीनं भरवतो."

"डोक्यात ताप गेला असेल हो," कुमुद हळूच म्हणाली.

"सगळे तेच म्हणतात, वहिनी. विजेच्या वायरवर कसं प्लास्टिक असतं? मेंदूतल्या तारांवर तसंच वेष्टण असतं. या मुलांचं ते आतून विरत जातं. तारा उघड्या पडल्या की एकेक खोली अंधारात जाते." त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी. इतक्या सफाईनं, जणू लहानपणापासून पाठ होतं. "आईकडून येतं. मीच दिलंय त्याला."

त्यांनी झेरॉक्स उलटी केली आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेननं एक चौकोन काढून भरून टाकला. हे विसूनाना. त्याखाली चार वर्तुळं. या चार कन्या. बापाला हा दोष असला की तो त्याच्या प्रत्येक मुलीला जातो, मुलाला कधीच जात नाही. मुलगी आपल्या मुलांना देते, सगळ्यांना नाही, साधारण निम्म्यांना. तिच्या मुलाला मिळाला तर त्याला रोग होतो. मुलीला मिळाला तर ती वरवर धडधाकट राहते आणि पुढे आपल्या पोरांना देते. हे सगळं सांगताना बाईंचं पेन वर्तुळाखाली वर्तुळं काढत गेलं आणि पान भरत आलं.

"तुम्ही काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "बापाकडून मुलाला हे जातच नाही. म्हणजे तुमच्या पुस्तकात पिढ्यान्‌पिढ्या जे पुरुष आहेत त्यांना आणि त्यांच्या पोरांना या रोगाची काही भीती नाही. तुमचं पुस्तक जिथे थांबतं, तिथून पुढे हा रोग सुरू होतो."

मला नकाशा वाचता येतो. ते कागदावरचं मला मिनिटभरात समजलं, आणि इतकं स्वच्छ समजलं की आजही डोळे मिटून काढून दाखवीन. न समजल्याचं निमित्त मला कधीच मिळालेलं नाही.

"यावर उपाय काय?" मी विचारलं.

"तन्मयसाठी काही नाही. पण काही दिसायच्या आधी सापडलं तर आहे. रक्त तपासायचं, मग दर सहा महिन्यांनी मेंदूचा फोटो काढायचा. पहिला डाग दिसला की लगेच दुसऱ्याचा बोनमॅरो घालतात. मूल वाचतं. अक्षर बिघडून, कान जाऊन मग पोचलात तर उपयोग होत नाही. मी पोचले नाही. त्या पोरांच्या आयांना माहीतच नाहीये की पोचायचंय." त्या पहिल्यांदाच थांबल्या. "आजीची एक बहीण इंदूरला दिली होती, एक हुबळीला. तिसरीचं काहीच माहीत नाही. लग्नात नावंसुद्धा बदलली सगळ्यांची. तुम्ही पेपरात जाहिरात दिली होती ना, माहिती पाठवा म्हणून? तिला त्यांच्यातल्या कुणी उत्तर दिलंय का, एवढंच बघा."

इंदूर म्हटल्याबरोबर मी मागे वळून बघायचं टाळलं. कारण दिलं होतं उत्तर. माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात, शाखा तिसरीच्या फायलीत इंदूरच्या शलाका वझे नावाच्या मुलीचं दोन पानी पत्र होतं. वर्षभरापूर्वी आलेलं. माझी पणजी गोमुख्यांची, तिचे वडील दोन काठ्या घेऊन चालत, आम्हाला पुस्तकात जागा मिळेल का, मला दोन मुलं आहेत, मिहिर पाच वर्षांचा आणि निनाद आठ महिन्यांचा, त्यांना आपण मूळचे कुठले हे कळायला हवं, वगैरे. अक्षर सुरेख होतं. मी तिला एका कार्डावर कळवलं होतं की कन्यावंशाची माहिती घेण्याचे मंडळाचे धोरण नाही.

"बघतो," म्हणून मी उठलो. पण कपाटाकडे गेलो नाही. आत जाऊन दिगंबरअण्णांना फोन लावला. अण्णा म्हणजे कुलमंडळाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. मी दबक्या आवाजात सगळं सांगितलं.

"तुझ्या मेधाचं लग्न ठरलंय ना रे?" अण्णांनी विचारलं.

ठरलं होतं. बारा फेब्रुवारी. मुलाकडचे सांगलीचे. साखरपुड्याच्या आधी त्यांनी आमच्यात कुणाला कोड आहे का आणि कुणी वेडं आहे का, हे दोन्ही चहा पिता पिता विचारून घेतलं होतं.

"पण आपल्या शाखेला काही नाही, अण्णा. ती स्वतःच सांगतेय."

"ते तुला समजलं. सांगलीकर काय समजणार आहेत? त्यांना एवढंच ऐकू येईल की गोमुख्यांच्या मुलींच्या पोटातून मेंदूचा रोग येतो. माझ्याही दोन नाती आहेत उजवायच्या. कपाट उघडू नकोस. चहा पाज आणि पाठव."

अण्णांवर मी सगळं ढकलू शकतो. ते आता हयात नाहीत, त्यामुळे सोयीचंही आहे. पण फोन मीच केला होता, आणि मला जे ऐकायचं होतं तेच सांगणाऱ्या माणसाला केला होता.

मी बाहेर आलो, चष्मा पुसला आणि म्हणालो, "नाही हो. कन्यांकडची माहिती आम्ही ठेवतच नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या कपाटाकडे. "एकही पत्र नाही?"

"एकही नाही."

त्यांनी वाद घातला नाही. पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढून दिला. रोगाचं नाव, कुठली तपासणी करायची, कुठल्या डॉक्टरांना भेटायचं आणि खाली त्यांचा स्वतःचा पत्ता, फोन. "कुणी सापडलं तर त्याच दिवशी कळवा," त्या म्हणाल्या. "मी कुठेही जाईन."

त्या उठल्या तशी कुमुद लगबगीनं पुढे आली. "थांबा, माहेरवाशीण अशी रिकामी जात नाही," म्हणून तिनं त्यांना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, नारळ दिला. बाईंना ते अनपेक्षित असावं. इतका वेळ कोरडे राहिलेले त्यांचे डोळे तेवढ्यानं भरून आले. मी खिडकीतून बाहेर बघत उभा राहिलो.

त्या फाटकाबाहेर गेल्यावर कुमुद म्हणाली, "इंदूरच्या त्या मुलीचं पत्र आहे की कपाटात. मीच नाही का तुम्हाला वाचून दाखवलं होतं?"

"आहे."

"मग?"

"लग्न होऊ दे. झालं की लगेच पाठवतो."

ती आरडाओरडा करील असं मला वाटलं होतं. तिनं करायला हवा होता. ती बोटांवर हिशेब करत बसली. "पाच महिने," ती म्हणाली.

"त्या मुलाला रोग असेलच असं कुठे आहे? निम्म्यांना नसतो, ती म्हणाली ना?"

"हो. निम्म्यांना नसतो." तिनं रिकामं भांडं उचललं. "आणि मेधाचं एकदा मोडलं तर पुन्हा जमायचं नाही."

अशी आम्ही दोघांनी एकमेकांची समजूत घातली. तीस वर्षांच्या संसारात आमचं इतकं चटकन एकमत कधी झालं नव्हतं.

दिवाळीत मी एकदा ते पत्र बाहेर काढलं. पाकिटही आणून ठेवलं. मग सांगलीहून फोन आला की आहेराच्या यादीत दोन नावं वाढवा, आणि पाकीट राहून गेलं. मी रोज सकाळी तिसरी शाखा सोडून बाकीच्या शाखांची मुद्रितं तपासायचो. डिसेंबरात एकदा स्वप्न पडलं तेही मुद्रितशोधनाचंच. मेलो तरी माझ्या डोक्यात दुसरं काही येणार नाही.

लग्न थाटात झालं. सांगलीकरांनी आमच्या कुळाबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. मठ्ठ्यात मीठ कमी पडलं, एवढ्यावरून मात्र तासभर कुरकुर चालली होती. मेधा आजही तिथे सुखात आहे आणि तिच्या सासऱ्यांना गोमुखे हे नाव अजून नीट लिहिता येत नाही.

चौथ्या दिवशी, मांडव उतरवणारे गेल्यावर, मी पत्र लिहायला बसलो. बाईंचा टाइप केलेला कागद जसाच्या तसा पाकिटात घातला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. पण त्यावर त्यांचं नाव होतं, पत्ता होता. शलाकानं त्यांना एक फोन केला असता की कोण कधी कुणाकडे गेलं होतं हे उघड झालं असतं. म्हणून मी सगळा मजकूर माझ्या अक्षरात उतरवून काढला आणि त्यातून वैजयंती कुंटे वगळल्या. वर लिहिलं, 'एका परिचित डॉक्टरांकडून नुकतीच ही माहिती मिळाली. आपण त्वरित तपासणी करून घ्यावी.' त्वरित या शब्दाखाली मी रेघ ओढली होती.

तीन आठवड्यांनी फोन आला.

"काका, मी शलाका वझे बोलतेय, इंदूरहून."

"बोला."

"मिहिरच्या शाळेतून दिवाळीनंतर तक्रारी सुरू झाल्या होत्या. ऐकत नाही, लक्ष नाही, वहीत काहीतरी गिरवून ठेवतो. आम्ही कानाच्या डॉक्टरकडे चकरा मारत होतो. मी रागावायचे त्याला. मग तुमचं पत्र आलं." तिचा श्वास ऐकू येत होता. "त्याला आहे, काका. खूप पसरलंय. आता काही करण्यात अर्थ नाही म्हणतात. दिवाळीच्या आधी आला असतात तर करता आलं असतं, असं म्हणाले."

कुमुद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला पलीकडचं ऐकू जात नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं असावं.

"निनादलाही आहे," शलाका म्हणाली. "पण त्याचा मेंदू अजून स्वच्छ आहे. त्याच्यावर लक्ष ठेवतील आणि वेळेवर करतील. तो वाचेल, काका. तुमचं पत्र आलं नसतं तर दोघंही गेले असते." मग तिनं विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं हो?"

इथे खरं सांगायची जागा होती. तिनं अगदी दार उघडून धरलं होतं.

"गेल्याच महिन्यात," मी म्हणालो.

"आणि तुम्ही लगेच लिहिलंत! ओळख ना देख. आम्ही तर तुमच्या पुस्तकातलेसुद्धा नाही." ती रडायला लागली. "तुमचे उपकार आम्ही कसे फेडणार?"

"असं म्हणू नये," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर कुमुदनं विचारलं, आणि मी तिला सांगितलं, शेवटच्या खोट्यासकट. त्या दिवसापासून तिनं पुढच्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. माझा चहा ती आतल्या टेबलावर ठेवते आणि मी जाऊन आणतो.

त्याच वर्षी गणपतीनंतर साताऱ्याहून कार्ड आलं. 'तन्मय गेला. तिकडे कुणी सापडलं का?' मी दुखवट्याच्या दोन ओळी लिहून खाली लिहिलं, 'अद्याप नाही.' पुढच्या वर्षी पुन्हा कार्ड आलं, त्यात फक्त दुसरं वाक्य होतं. तेव्हापासून दर वर्षी येतं. हुबळीची माणसं त्यांनी स्वतःच शोधून काढली, असं मध्ये एका कार्डात होतं. पोचेपर्यंत तिथला एक मुलगा जाऊन दोन वर्षं झाली होती. इंदूरची मात्र अजून शोधतायत. त्यांच्या एका कागदामुळे इंदूरला एक मुलगा जिवंत आहे, हे त्यांना सांगणारा जगात मी एकटाच आहे. कुमुदही सांगू शकते, पण तिला मेधासमोर माझं तोंड काळं करायचं नसावं. किंवा स्वतःचं.

मिहिर दोन वर्षांनी गेला. निनादच्या मेंदूच्या फोटोत पाचव्या वर्षी पहिला डाग दिसला आणि महिन्याभरात बोनमॅरोचं सगळं उरकलं. आठव्या वर्षी त्याची मुंज केली. शलाकानं मला जाण्यायेण्याची तिकिटं पाठवली, दोन. कुमुद आली नाही. पाय दुखतात म्हणाली.

मला पहिल्या पंगतीत, मुलाच्या आजोबांच्या शेजारी, चांदीच्या ताटावर बसवलं होतं. निनाद लंगोटी नेसून, मुंडण करून सगळ्यांच्या पाया पडत फिरत होता. चुणचुणीत मुलगा. माझ्याजवळ आला तेव्हा शलाका आल्यागेल्याला सांगत होती, "हे नसते ना, तर आज हा नसता."

मग ती वाढायचं ताट घेऊन माझ्यासमोर बसली. वयाच्या मानानं तिचे केस बरेच पांढरे झाले होते.

"मिहिरच्या बाबतीतच तेवढा उशीर झाला, काका," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पाच महिने. तुम्हालाच पाच महिने आधी कळलं असतं तर! पण त्याला तुम्ही काय करणार? नशीब एकेकाचं."

"हो," मी म्हणालो. "नशीब."

तिनं डोळे पुसले, हसली आणि आग्रह करून माझ्या पानात आणखी एक जिलबी वाढली. मी ती खाल्ली.